सही तू केलीस, मी नाही

ऐका ना, काल घाटकोपरला व्हिसाचा फोटो काढायला रांगेत उभी होते यार, तर पुढे एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी. मुलगी सुट्टीत दोन महिने जॉर्डनला अरबी शिकायला निघालेली. आणि आईला नियम सांगत होती.

"तिथे सही करून द्यायची असते, मम्मी. दोन महिने फक्त अरबी बोलायचं."

"वर्गात ना?"

"वर्गात, जेवताना, रूमवर, सगळीकडे. फोनवर पण."

"माझ्याशी पण?"

"तुझ्याशी पण."

"हे कसलं शिकणं गं चेतना? मी काय अरबी बोलू?"

"तू नको बोलूस. मीच बोलणार."

"मग मी मराठीतच बोलणार. सही तू केलीस, मी नाही."

"बोल ना. पण मी काय उत्तर देतेय ते तुला कळणार का?"

"जेवलीस की नाही ते मला तुझ्या आवाजावरून कळतं."

"तेवढंच कळेल."

"तेवढंच पाहिजे. पण परक्या देशात काही झालं तर? ताप आला, पडलीस?"

"तेव्हा सूट आहे. दवाखाना, इमर्जन्सी असेल तर आपल्या भाषेत बोलता येतं."

"म्हणजे तू फोनवर मराठीत बोललीस, की समजायचं काहीतरी झालंय."

"हो, तसंच."

"मग तू रोज अरबीच बोल, बाळा. मला एक अक्षर नाही कळलं तरी चालेल."