वीस मिनिटं पुढे

(धाकटी डहाणू. सकाळ. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातली सर्व्हरची खोली. कारकून वेणूनं फोन स्पीकरवर टाकलाय. पलीकडे भाविनी, तलासरीला सोसायटीच्या शीतगृहात बसून दोन्हीकडचे कॉम्प्युटर सांभाळणारी. सोसायटीचे अध्यक्ष काशीनाथ दारात.)

भाविनी : वेणूताई, बंद-चालू करू नका म्हटलं होतं ना मी?

वेणू : मी कुठे केलं? अध्यक्षांनी केलं. तीनदा.

काशीनाथ : चारदा. आणि परत करीन. बोटीचं इंजिन असंच सुरू होतं.

भाविनी : काका, ते इंजिन नाही. सर्व्हर आहे. ऑफिसच्या दारावरचा वॉचमन समजा. कोण आपला, कोण परका, ते तो ठरवतो आणि मगच बाकीच्या कॉम्प्युटरवर काम करू देतो. त्याला सारखं झोपवलं-उठवलं तर तो डोळे चोळत बसणार.

वेणू : वॉचमनला आज कोणीच आपलं वाटत नाहीये गो. मला आत सोडत नाही, पलीकडच्या टेबलवरच्या निलमला सोडत नाही. बर्फाच्या खिडकीवर धोंडी सकाळपासून पासवर्ड मारतोय. आता तर तो पासवर्ड मोठ्यानं बोलून मारतो. अख्ख्या बंदराला पाठ झाला.

काशीनाथ : हसायची वेळ आहे का ही? बाहेर बोटी नेणारे तांडेल उभे आहेत. चिठ्ठी नाही तर बर्फ नाही, आणि बर्फाशिवाय बोट काय मासे बघायला जाणार? साडेनऊला पाणी उतरायला लागलं की खाडीच्या तोंडावर वाळू वर येते. मग काय बोटी खांद्यावर घेऊन न्यायच्या?

भाविनी : आजच्या दिवस हातानं लिहून द्या ना चिठ्ठ्या.

वेणू : हातची चिठ्ठी बंद. ठराव आहे तसा. कोणी मांडला, ते विचार.

काशीनाथ : मी मांडला. एका चिठ्ठीवर चार बोटी बर्फ नेत होत्या, म्हणून मांडला. आता ते यंत्र छापील चिठ्ठीवरची पट्टी वाचल्याशिवाय बर्फाचा खडा सोडत नाही.

वेणू : अध्यक्षांसाठी पण नाही. सकाळी विनंती करून झाली.

काशीनाथ : वेणू, तू गप. भाविनी, काल संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होतं. तूच काहीतरी केलंस. ते तुझं अपडेट का काय असतं ते.

भाविनी : काल मी काही टाकलेलं नाही, काका.

काशीनाथ : वापीचा तो माणूस सांगत होता मला. म्हणाला, काम आमच्या कंपनीला द्या. नरपडच्या चिकूच्या वाडीतली पोर ती, तिला समुद्राचं काय समजणार?

भाविनी : सर्व्हर समुद्रात ठेवलाय का?

वेणू : पावसाळ्यात जवळजवळ तसंच असतं.

भाविनी : हे बघा, मी इथून आत शिरायचा प्रयत्न केला. मलाही बाहेरच ठेवलंय त्यानं. मी बसवलेला सर्व्हर, आणि मलाच म्हणतो तू कोण! वेणूताई, तुमच्या टेबलवरच्या कॉम्प्युटरवर आत जाताना काय लिहून येतं ते वाचा.

वेणू : इंग्रजीत आहे. भरपूर आहे.

भाविनी : जमेल तेवढं वाचा.

वेणू : थांब, चष्मा... हां. टाईम. डेट. मग डिफरन्स. पुढे अॅडमिनिस्ट्रेटरला भेटा म्हणतोय. म्हणजे तुलाच.

भाविनी : अच्छा. अच्छा! सर्व्हरच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात किती वाजलेत?

वेणू : नऊ वाजून पाच.

भाविनी : आणि तुमच्या टेबलवरच्या कॉम्प्युटरवर?

वेणू : हा म्हणतो पावणेनऊ.

भाविनी : माझ्याकडेही पावणेनऊच आहेत. आणि भिंतीवर?

वेणू : तिथे कशाला बघायचं?

भाविनी : वेणूताई? भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत?

वेणू : नऊ वाजून पाच.

काशीनाथ : मग सर्व्हर बरोबर आहे! भिंतीशी जुळतोय. बाकीचे सगळे मागे पडलेत, त्यांना सुधार.

भाविनी : काका, ते भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे ना? मी पहिल्यांदा आले तेव्हाच तुम्ही सांगितलं होतं, मुद्दाम पुढे ठेवतो म्हणून.

काशीनाथ : ठेवतो. बोटवाल्यांच्या ऑफिसात घड्याळ पुढेच पाहिजे.

भाविनी : मग सर्व्हरचं घड्याळ कोणी पुढे केलं? वेणूताई, सकाळी त्या खुर्चीवर कोण बसलं होतं?

वेणू : मी चहा सांगायला गेले होते. अध्यक्ष म्हणाले, जरा बसतो. आता अध्यक्षांना मी उठा म्हणू का? खुर्ची सोसायटीची, सोसायटी त्यांची.

भाविनी : काका?

काशीनाथ : मी काही बिघडवलं नाही. दोन घड्याळं दोन वेळा दाखवत होती, ते नीट केलं. पण हा तुझा सर्व्हर लबाड आहे. सकाळपासून दोनदा गुपचूप मागे पळाला. मी दोनदा कान धरून पुढे आणला.

भाविनी : अरे देवा! तो पळाला नाही काका, तो तलासरीच्या सर्व्हरला वेळ विचारून स्वतःला सुधारत होता. आणि तुम्ही त्या बिचाऱ्याला परत परत बिघडवलंत!

काशीनाथ : वीस मिनिटांनी काय आकाश कोसळतं?

भाविनी : ऐका. कोणी काम करायला बसलं की त्याच्या नावाचा एक पास निघतो. पासवर वेळ असते. सर्व्हर पाच मिनिटं इकडेतिकडे चालवून घेतो. पण तुमचा सर्व्हर वीस मिनिटं पुढे बसलाय. आत्ता काढलेला पास त्याला आधीच शिळा वाटतो. तुमच्याकडे ताजे बोंबील आणले आणि तुम्ही नाक धरून परत पाठवले, तसं.

वेणू : ऐकलंत? अख्ख्या बंदरात तुमच्या घड्याळावर विश्वास ठेवणारा पहिला भेटला, आणि त्यानं दुकान बंद केलं.

काशीनाथ : पहिला म्हणजे? सगळे याच घड्याळावर चालतात.

वेणू : कोणी चालत नाही, भाऊ. सगळे वर बघतात आणि मनात वीस मिनिटं वजा करतात. शुक्रा तांडेल तर म्हणतो, या घड्याळानं आमचं गणित सुधारलं. फक्त तुम्हीच एकटे वजा करत नाही.

काशीनाथ : ...शुक्राला बघतो मी.

भाविनी : त्याला नंतर बघा. वेणूताई, सर्व्हरसमोर बसा. आपण वेळ मागे घेतो, मग बाकीचे कॉम्प्युटर आपोआप आत सोडतील. पाच मिनिटांचं काम आहे.

वेणू : बसले असते. पण की-बोर्डवर अध्यक्षांचा हात आहे.

भाविनी : काका, हात काढा.

काशीनाथ : नाही काढत. उद्या करा. आज नाही.

भाविनी : आज का नाही? तुम्हीच म्हणालात पाणी उतरेल!

काशीनाथ : म्हणूनच नाही! आज हे मागे नेलंत तर पोरं म्हणतील अजून वेळ आहे. बिडी ओढत बसतील. चहा पितील. आजच्या दिवस नको.

भाविनी : मला काही समजत नाही. वेणूताई, आज काय आहे?

वेणू : आज पीयूष निघतोय. यांचा मुलगा. तांडेल म्हणून पहिल्यांदा. आतापर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली जायचा, आज बोट त्याच्या हातात.

भाविनी : मग काका इथे काय करतायत? बंदरावर जायचं ना!

काशीनाथ : बोलावलं नाही.

वेणू : येऊ नका म्हणाला तो. काल घरात मोठा आवाज झाला. म्हणाला, बाबा, तुम्ही जेटीवर उभे राहिलात की मी खाडीतली वाट बघू की तुमच्याकडे बघू, तेच कळत नाही मला. म्हणून हे सकाळपासून इथे येऊन सर्व्हरच्या मागे लागले.

काशीनाथ : झालं सांगून? सगळ्या गावात लाव आता भोंगा.

भाविनी : काका, तो शिकलेला आहे. भरती-ओहोटी त्याला पाठ आहे. एवढी काय काळजी?

काशीनाथ : नारूलाही पाठ होती.

भाविनी : नारू कोण?

वेणू : यांचा धाकटा भाऊ. तू डहाणूत नव्हतीस तेव्हा. तेव्हा मोबाईल नव्हते, सगळे ऑफिसचं घड्याळ बघून निघायचे. घड्याळाचा सेल उतरला होता, ते मागे पडत गेलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. नारूभाऊ बघून गेले, वेळ आहे म्हणाले. खाडीच्या तोंडावर बोट वाळूवर बसली आणि लाटेनं उलटली. बाकीचे पोहून आले.

भाविनी : ...मला माहीत नव्हतं, काका.

काशीनाथ : तुला कशाला माहीत असणार? तुमचे चिकू बुडत नाहीत.

भाविनी : नाही बुडत.

काशीनाथ : तेव्हापासून हे पुढे आहे. सेल मी स्वतः बदलतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पण हल्ली वर कोण बघतं? सगळे त्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात बघतात. पीयूषही खिडकीवर चिठ्ठी घेताना तिथेच बघणार. म्हटलं, तिथे पण पुढे करून ठेवावं. एवढंच केलं. चोरी केली का?

भाविनी : चोरी नाही केली. पण काका, रागावू नका, नारूकाकांनी खोट्या घड्याळावर विश्वास ठेवला ना? ते मागे होतं. तुमचं पुढे आहे. खोटं ते खोटंच. आणि आज त्या खोट्यापायीच पीयूष बर्फाशिवाय खिडकीपाशी उभा आहे. पाणी काय तुमच्या भिंतीकडे बघून उतरत नाही.

वेणू : भाऊ, हात.

भाविनी : काय झालं?

वेणू : काढला. बसले मी. बोल लवकर, विचार बदलतील.

भाविनी : काळी खिडकी उघडा, मागे दाखवली होती ती. आता टाईप करा. डब्ल्यू, तीन, दोन, टी, एम. सगळं जोडून.

वेणू : हां.

भाविनी : एक जागा सोडा. मग तिरकी रेघ.

वेणू : तिरक्या दोन आहेत. कुठली? डावीकडे कललेली की उजवीकडे?

भाविनी : प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. तिला चिकटून आर, ई, एस, वाय, एन, सी. एंटर.

वेणू : मारलं. काहीतरी म्हणतोय... सक्सेस. शेवटी सक्सेस आहे. आणि कोपऱ्यात... घे, नऊ वाजले. बरोबर ना?

भाविनी : बरोब्बर. माझ्याकडेही नऊच. मला आत घेतलं बघा, ओळखलं शहाण्यानं. आता धोंडीला सांगा, कॉम्प्युटर एकदा बंद-चालू कर.

काशीनाथ : आता बंद-चालू चालतं होय?

भाविनी : त्याचं चालतं. तुमचं नाही.

वेणू : ए धोंडी! बंद करून चालू कर! आणि पासवर्ड मनात म्हण!... गेला. गेला आत! प्रिंटर वाजतोय, ऐकू येतंय का तुला?

भाविनी : येतंय. धोंडीचा पासवर्ड मात्र मी आजच बदलणार. आणि काका, भिंतीवरचं घड्याळ तुमचं, ते कसं ठेवायचं ते ठेवा. सर्व्हरला हात लावायचा नाही. नाहीतर वापीवाल्याला मीच फोन करीन.

काशीनाथ : वापीवाल्याचं काही खरं नव्हतं. त्याला मी विचारलंही नव्हतं.

भाविनी : माहीत होतं मला.

वेणू : भाऊ, ही बघा पहिली चिठ्ठी. तांडेलाच्या जागी पीयूष काशीनाथ छापून आलंय. बर्फाच्या यंत्रापाशी उभा आहे तो. कोण नेऊन देतंय?

काशीनाथ : तू दे. मला येऊ नको म्हटलंय त्यानं.

भाविनी : जेटीवर उभं राहू नका म्हटलंय. चिठ्ठी द्यायला येऊ नका असं कुठे म्हटलंय?

काशीनाथ : आता काय जायचं? निघायची वेळ झाली असेल. वेणू, किती वाजले?

वेणू : भिंतीवरचे सांगू की खरे?

काशीनाथ : खरे सांग, बाई.

वेणू : नऊ वाजून दोन.

काशीनाथ : आण ती चिठ्ठी. पळायला नको मग. चालत जातो.