तिन्ही कॅसेटमधलं शेवटचं गाणं

खरं म्हणजे हे मी सांगायचं नव्हतं — सकाळीच दादांनी बजावलंय, पाहुण्यांना सलाम करायचा, पाणी द्यायचं आणि सरळ आत यायचं, गाण्याबिण्याचं कुणी विचारलं तर म्हणायचं मला काही माहीत नाही — दादा म्हणजे आमचे आजोबा, खाजाभाई, आत्ता तासभर तुमच्याशी बोलत होते ते — पण ते नमाजला गेलेत, आणि तुम्ही तो कागद टेबलावर उघडाच ठेवलात, आणि मला उलटं वाचता येतं, सर. पहिल्या बाकावर बसते ना, मॅडमच्या टेबलावरचं सगळं उलटंच दिसतं तिथून. नाही नाही, उठू नका. भज्यांना वेळ आहे अजून. माझी फुप्पी करतेय — म्हणजे आत्या, फरिदाबी. चार घरं सोडून राहते, तुम्ही येणार म्हणून दादांनी मुद्दाम बोलावलं तिला, तिच्या हातची भजी चांगली असतात. फक्त जरा हळू बोला. किंवा असं करा, तुम्ही बोलूच नका, मीच बोलते.

तर तुमच्या कागदावर लिहिलंय — 'पिवळा दिवा : तिन्ही अल्बम, आणि नळदुर्गला सापडलेली तीन अप्रकाशित गाणी. गायिका शलाका.' आणि खाली लिहिलंय, सोमवारी छपाई. त्या पुण्याच्या बँडच्या अल्बमचं बरोबर आहे. पहिला 'खिडकी बंद', दुसरा 'स्टीलचा चंद्र', तिसरा 'रविवार रद्द', अठ्ठ्याऐंशी ते नव्वद. आमच्याकडं तिन्ही आहेत, मी ऐकलेत, आमच्या वर्गात कुणाला सांगितलं तर हसतील, पण मी ऐकलेत. पण ती तीन गाणी आहेत ना, सर — ती पिवळा दिवाची नाहीत. असं बघू नका ना माझ्याकडं, मला मग बोलता येत नाही. तुम्ही त्या कॅलेंडरकडं बघा.

दादांचं दुकान कुठं होतं माहितीय? स्टँडसमोर, आता मोबाईलचं दुकान आहे तिथं. 'खाजाभाई रेकॉर्डिंग सेंटर.' लोक चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायचे, कोरी कॅसेट द्यायचे, दादा भरून द्यायचे. सगळ्यात जास्त ट्रकवाले. सोलापूरकडून आलेला ट्रक इथं जेवायला थांबायचा आणि जेवण होईस्तोवर कॅसेट तयार, मग ती वाजत वाजत हैदराबादपर्यंत. पुण्यात तुमच्या त्या बँडला कुणी विचारत नव्हतं, तुम्हीच म्हणालात आत्ता, पण आमच्या रस्त्यावर विचारत होते! ती मशीनवरची ढोलकी — काय म्हणता तुम्ही तिला — हां, ड्रम मशीन — तिचा ठेका ट्रकच्या इंजिनाशी जुळतो म्हणे. डुलकी येत नाही. ट्रकवाल्यांना एवढंच पाहिजे.

आता अडचण काय होती? साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. आणि पिवळा दिवाची दुसरी बाजू तेवीस-चोवीस मिनिटांत संपायची. पुढं कोरी पट्टी. आणि दादांचा एक नियम होता, गिऱ्हाईकाला कोरी पट्टी द्यायची नाही. 'आधा ग्लास चाय देतंय का कुणी?' म्हणायचे. सगळे दुकानवाले उरलेल्या जागेत काहीतरी भरायचेच, पण ते सिनेमाचं एखादं गाणं टाकून मोकळे व्हायचे. दादांनीही तेच केलं, तर तामलवाडीचे एक ड्रायव्हर होते धोंडीबा म्हणून, ते परत आले आणि म्हणाले, खाजाभाई, हे शेवटी काय घातलंय, चांगलं जेवण झाल्यावर कुणीतरी तोंडात साबण घातल्यासारखं वाटतंय! दादांना ते लागलं. आणि फुप्पी तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत कॅसिओ वाजवायची, छोटा, एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला दिलेला आणि परत न्यायलाच न आलेला. अकरावीत होती. पिवळा दिवा ऐकून ऐकून स्वतःच गाणं केलेलं. दादांनी तिला म्हटलं, म्हण जरा, मशीन तपासायची आहे. आणि भरून टाकलं की कॅसेटच्या शेवटी! तिला न विचारता!

तिला कळलं कधी? एक ड्रायव्हर काउंटरवर येऊन म्हणाला, ते शेवटचं गाणं दोनदा भरून द्या. ती मागं उभी होती. आठ दिवस बोलली नाही दादांशी. नवव्या दिवशी म्हणाली, भरायचंच आहे तर नीट भरा, त्यात कुकरची शिट्टी आलीय. व्हय, कुकरची! तुम्ही तुमच्या लेखात लिहिलंय ना, 'मधूनच येणारा तो वाफेचा सूर म्हणजे शहरी एकटेपणाचा धाडसी प्रयोग' — मी वाचलं ते, सर, चांगलं लिहिलंय तुम्ही, पण ती दुकानामागं शिजणारी आमच्या दादीची तुरीची डाळ होती. हसा तुम्ही, चालेल. मी पण हसले होते. एकटीच.

मग पुढच्या वर्षी 'स्टीलचा चंद्र' आला तेव्हा तिनं स्वतःहून दुसरं गाणं केलं, आणि 'रविवार रद्द'ला तिसरं. म्हणून प्रत्येक अल्बमला एक. मला विचाराल तर — विचारत नाही तुम्ही, पण सांगते — पहिल्या अल्बममध्ये ते लोक दोन-दोन पायऱ्या उतरत पळत येतायत असं वाटतं, आणि फुप्पीचं पहिलं गाणं त्यांच्यामागं पळतं. दुसऱ्यात वाद्यं वाढलीत, शलाकाबाई मुद्दाम न हसता गातात. फुप्पी तिथं त्यांच्यासारखं गातच नाही, तिला हसू आलंय ते ऐकू येतं. आणि तिसऱ्यात मला वाटतं त्या लोकांचं भांडण झालेलं असणार, कुणी कुणाची वाट बघत नाही त्या गाण्यांत. फुप्पीचं तिसरं मात्र — जाऊ द्या. तुम्ही ऐकलंय.

मग दादा खोटं का बोलले? खोटं नाही हो — म्हणजे खोटंच, पण भीतीनं. तुमचं पत्र छापील कागदावर आलं ना, वर शिक्का, दादांना वाटलं कॉपीराइटवाले. मागं कुठंतरी एका दुकानातल्या सगळ्या कॅसेट पोलिसांनी पोत्यात भरून नेल्या होत्या, ते त्यांच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली, पण स्टँडवर पोलीस दिसला की दादा अजून पलीकडच्या बाजूनं चालतात. म्हणून तुम्ही विचारल्या विचारल्या म्हणाले, 'साहेब, सगळा माल कंपनीचाच हाय.' आणि एकदा बोलले की संपलं. कॅसेटच्या मागचं छोटं प्लास्टिक तोडलं की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही ना, तसं आहे दादांचं बोलणं. आणि त्या शलाकाबाईंना तुम्ही फोनवर गाणं ऐकवलंत तर त्या काय म्हणाल्या? 'असेल, इतकी गाणी केली, आठवत नाही.' असेल म्हणजे आहे होत नाही, सर. आमच्या गणिताच्या मॅडम असेलला शून्य मार्क देतात.

फुप्पीला? माहितीय तिला. काल दादांनीच सांगितलं, गाणी कंपनीचीच आहेत म्हणणार म्हणून. म्हणाली, जाऊ दे, माझं नाव कशाला, लोक काय म्हणतील, अंगणवाडीची बाई आणि हे काय. लग्नानंतर तिनं कॅसिओ हातात घेतला नाही. लग्न तरी कुठं, चार घरं सोडून — पण गाणं तेवढं सुद्धा चालत गेलं नाही. मला पण तिचं म्हणणं पटलं होतं. खरंच. मी गप्पच बसणार होते. पण मघाशी तुम्ही इथं फोनवर ते तिसरं गाणं लावलंत ना, तेव्हा मी आत होते. ती चटणी वाटत होती. तिनं मिक्सर बंद केला. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले, कोरडेच होते. आणि ओठ हलत होते. गाणं इथं संपलं तरी तिचे ओठ हलतच होते.

आणखी एक सांगू का — नको. बरं, सांगते. ती गाणी कुणीतरी जुन्या कॅसेटवरून नेटवर टाकलीत, त्यातल्या एका व्हिडिओखाली कॉमेंट होती ना, 'हे गाणं नळदुर्गला भरलेलं आहे' — जी वाचून तुम्ही इथं आलात — ती मी केली होती. अब्बूंच्या फोनवरून. मला वाटलं नव्हतं कुणी खरंच गाडी करून येईल. आणि आलात ते असा कागद घेऊन! म्हणजे ह्यात माझीच चूक आहे, सोमवारी ते छापून आलं तर ती तीन गाणी कायमची दुसरीची होणार, आणि ती माझ्यामुळं.

पुरावा? आता माझ्या शब्दावर तुम्ही कशाला छापाल, मी दहावीतली मुलगी. पण पुरावा आहे. ते तिसरं गाणं कुठं तुटतं? 'एसटी गेली, हात तसाच वर' — आणि खट्. तुम्ही लिहिलंय, किती सूचक शेवट. सूचक नाही हो, पट्टी संपली. दादांचा अंदाज चुकला, त्या वेळी ती नेहमीपेक्षा लांब गायली होती, आणि पुन्हा म्हण म्हटल्यावर म्हणालीच नाही, पंधरा दिवसांवर लग्न होतं. पुढची ओळ कुठल्याच कॅसेटवर नाही. शलाकाबाईंना विचारा, त्यांना येणार नाही. कुणालाच येणार नाही, मला पण नाही, मी किती वेळा विचारलंय — 

जी दादा! हो, आत्ताच आले बाहेर! नाही, काही नाही, पाणी देत होते सरांना — सर, ऐका, ती भजी घेऊन येईल तेव्हा बाकी काही बोलू नका, माझं नाव तर घेऊच नका, फक्त विचारा, हात तसाच वर, पुढं काय — आणि पेन हातात ठेवा, कारण ती म्हणाली तर एकदाच म्हणेल, दुसऱ्यांदा ती — आले, दादा, आले —