एका मांडीची कुत्री

अगं नको, त्या खुर्चीवर नको बसूस, तिचा मागचा पाय निखळलाय — मुद्दाम ठेवलीय मी ती दारापाशी, मीटर बघायला येतो ना तो, त्याच्यासाठी — मागच्या खेपेला असा उताणा पडला की त्याची बॅटरी गडगडत पार मोरीत गेली. हस, हस, कुत्रं मेल्यापासून तुझं तोंड नुसतं सुकलंय. दिसतेस ना मला खिडकीतून, मशीनवर पाय चालतोय आणि डोळे गळतायत, गिऱ्हाइकाचे कपडे भिजवून ठेवशील एक दिवस. म्हणून तर बोलावलं तुला. ही घे. धर की! चावत नाही — म्हणजे मला चावते, तुला नाही चावायची.

नाव? मी नकटीच म्हणते. नाक आहे कुठं तिला? पळता पळता भिंतीवर आपटली आणि तशीच राहिली, असं दिसतं ना? पण जात मोठी आहे बाईसाहेबांची. चीनच्या बादशहाकडची — म्हणजे हिची खापरपणजी कुणीतरी. राजवाड्यात म्हणे यांचे केस विंचरायला नोकर असायचे, चांगली हातीपायी धड माणसं! आणि तिथल्या बायका थंडीत यांना झग्याच्या बाहीत घालून फिरायच्या, हात गरम राहावेत म्हणून. तू शिवतेस, तुला कळेल, बाही केवढी लागत असेल. आणि वाड्यातून कुणी चोरून नेलं की त्याचं मुंडकं उडवायचे — दचकू नकोस, तू कुठं चोरतेयस, मी देतेय ना. आणखी एक सांगतात — एक सिंह होता, तो पडला माकडिणीच्या प्रेमात. आता जमायचं कसं? गेला देवाकडे रडत, मला लहान कर म्हणाला. देवानं अंग केलं एवढंसं आणि काळीज ठेवलं सिंहाचंच. त्या दोघांची ही पिलावळ. थापाच सगळ्या, पण भिंतीपलीकडून ऐकायला बऱ्या वाटतात.

भिंतीपलीकडून म्हणजे — अगं, मी दोन इयत्ता शिकलेली, मला कुठला बादशहा माहीत? आमची थोरली सांगते. माझी मोठी जाऊ, आतल्या खोलीत असते ती, पलंगावर. शिक्षिका होती. मला नाही हं सांगत, हिला सांगते! रोज दुपारी, कुत्रीला तिच्या खानदानाची गोष्ट, मांडीवर घेऊन, अगदी हळू आवाजात, मधे मधे विचारते सुद्धा, कळलं का गं बाळी — आणि मी इकडे भांडी घासत ऐकते. बाळी म्हणते ती हिला. आता बाळी म्हटलं की कान बघ कसे उभे केले, मी तासभर नकटी नकटी करतेय तर ढिम्म.

कुणाची म्हणजे? घरातली. घरातली ती माझीच झाली की, खायला कोण घालतं? थोरलीचा मुलगा परदेशी गेला, जाताना आईच्या पदरात ही टाकून गेला — आई, तुला सोबत. सोबत! मी कोण होते मग, भिंत? दीर गेले, माझा नवरा गेला, मला मूलबाळ नाही, या घरात आम्ही दोघीच, आणि हा पठ्ठ्या माझ्यादेखत सोबत म्हणून कुत्री देतो. बरं, तिचे पाय गेले, डोळे गेले — उजेड अंधार तेवढा कळतो — तर तिला उठवायचं कुणी, पुसायचं कुणी, भरवायचं कुणी? मी. आणि भरवून झालं की तोंड पुसते आणि म्हणते काय, बाळी, जेवलीस का गं? तोंडात घास माझ्या हातचा आणि विचारपूस नकटीची!

जातच तशी आहे पण. एका मांडीची. एकदा मांडी धरली की दुसरीला ढुंकून बघायची नाही. मी काय कमी केलं? परवापर्यंत ओच्यात कलेजीचा तुकडा घेऊन बसत होते — यायची, तुकडा उचलायची, आणि शेपूट वर करून चालती व्हायची थोरलीकडे, ते सुद्धा सावकाश, राणीसारखी, मागं वळून न बघता. एक दिवस मी त्या तुकड्यात तिखट भरलं. अगं, गंमत म्हणून! दिवसभर पाण्यात तोंड घालून बसली होती. तर थोरलीला वाटलं आजारी पडली, तिनंही दिवसभर अन्न शिवलं नाही. दोघी उपाशी, आणि मी एकटीनं बसून तिघींचं जेवले.

तू माझ्याकडे अशी बघू नकोस, तू ऐक, ठेवायची कशी ते सांगते. उन्हात न्यायची नाही, नाकच नाही तर दम टिकणार कुठून. गळ्याला पट्टा बांधायचा नाही, छातीला बांधायचा — जोरात ओढलीस तर डोळे बाहेर येतात म्हणे, खरंच, बुबुळं खोबणीतून बाहेर! मी नाही करून बघितलं, मनात आलं होतं. केस रोज विंचरायचे, नाहीतर गाठी होतात. जिने चढू द्यायचे नाहीत. घोरते, पण तुझं मशीन काय कमी घोरतं? आणि बोलावलीस म्हणून येईल अशी आशा ठेवू नकोस, तिच्या मनात आलं तर येईल. पहिले काही दिवस दाराशी बसेल, खाणार नाही. बसू दे. पोटात कावळे ओरडले की तुझी मांडी धरेल मुकाट.

थोरलीचं काय? श्श... ऐकलंस? बोलतेय बघ. ऐक, ऐक, अशी मजा फुकट नाही मिळायची — कुणाशी बोलतेय सांग? नकटी तर तुझ्याकडे आहे. अगं, गरम पाण्याची पिशवी! सकाळी पिशवी भरली, तिला तुझ्याकडूनच शिवून घेतलेलं ते केसाळ कापड गुंडाळलं — हो, तेच, उशीला हवंय म्हणाले होते मी — आणि दिली मांडीवर ठेवून. दोन तास झाले, कुरवाळतेय! मघाशी म्हणत होती, बाळी, आज गप्प का गं? मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. शिकलेली बाई, आणि रबराच्या पिशवीला बादशहाची गोष्ट सांगतेय!

हळू कशाला बोलायचं? बहिरी आहे ती ठार. डोळ्यांच्याही आधी कान गेले. मी तुला सांगते, आधी आधी मी बोलायचे तिच्याशी — आज वारा आहे, आज समोरच्यांकडे भांडण झालं, वहिनी हे, वहिनी ते — हूं नाही की चूं नाही. मग कळलं, ऐकूच येत नाही. मग काय, मला रान मोकळं! पाठ चोळताना गोड हसून म्हणते, काय गं म्हातारे, अजून किती दिवस कुजत पडणार आहेस, मेलीस तर सुटू दोघी — आणि ती आपली शांत. नकटी पलंगाखाली घोरली की मात्र बरोबर कळतं तिला, हात खाली सोडते. पलंग थरथरत असेल.

म्हणून म्हणते, घेऊन जा तू. तुझं घर भरेल, आणि इकडे — सांगू? पिशवी संध्याकाळपर्यंत गार पडेल. मग चाचपेल, मग हाका मारेल, बाळी, बाळी. मारू दे. चार दिवस मारेल. मग थकेल. आणि मग हाक मारायची तर मारणार कुणाला? घरात दुसरं आहे कोण? मारावीच लागेल मला. मी पण लगेच नाही जायची हं, नकटीसारखी सावकाश जाईन, राणीसारखी...

काय? नको कशाला? आता नको म्हणतेस? दया येते तुला? मांडीवर घेतलीस, तुझ्या हाताला लळा लागला एव्हाना, मला दिसत नाही का? ठेव मग खाली. ठेव! मी बघते तिचं काय करायचं ते, नाक नसलेलं तोंड दाबायला किती वेळ ला...

कोण बोललं?

नाही, तू नाही बोललीस. आतून आलं. तू ऐकलंस ना? काय म्हणाली? ... तिचं मागचं अंग खालून धर — काय? मुली, म्हणतेय, मागचं अंग खालून धर, पाठ दुखते तिची — हां — आणि ने तिला, लगेच ने, या बाईच्या हाताखाली ठेवू नकोस. ... मुली म्हणाली. तुला. तुझं तर नाव पण माहीत नाही तिला. तू इतका वेळ एक शब्द मोठ्यानं बोलली नाहीस, मग तिला कसं — भिंतीतून — म्हणजे मी जे — रोज पाठ चोळताना — सगळं? आणि ती पिशवी, ती पण कळली होती तिला?

या बाईच्या म्हणाली. मी बाई!

तू ऊठ. बघतेस काय माझ्याकडे? उचल तिला, खालून धर, सांगितलं ना तिनं, शिकलेल्या बाईनं सांगितलंय, ती कुठं चुकणार! चहा राहू दे. बघ, तिला बरोबर कळलंय नेतायत ते, कशी अंग ताणतेय आतल्या दाराकडे — ओरडू दे, तू चाल. दार ओढून घे बाहेरून. पुन्हा येऊ नकोस.

...वहिनी?

वहिनी, गेली ती. दोघी गेल्या.

वहिनी, अहो, मीच आहे. पाणी देऊ? ... पाठ चोळू? ... मला ठाऊक आहे तुम्हाला ऐकू येतंय. वहिनी —