डबीनं पास केलेली टाकी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालकसाहेब, आमच्या शब्दाखातर वेळ काढून आलेले बांधकाम इंजिनियर, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या काकू, पॅकिंग हॉलमधल्या सगळ्या भगिनी, माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले मिलीकाका, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

हातातला कागद पुढच्या रांगेला दिसत असेल. भाषणाचा नाही तो.

कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून या व्यासपीठावरून मी निरोपाची वीसेक भाषणं तरी केली असतील. साचा पाठ आहे. चार शब्द कौतुकाचे, दोन विनोद, निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा, आणि चहा. आज तो साचा वापरून पाहिला, जमेना. तेव्हा घडलं तसं सांगतो. लांबलं तर सूत्रसंचालकांनी खुणा करू नयेत, मी बघणार नाही.

काकांना मिलीकाका का म्हणतात, हे पाहुण्यांना सांगायला हवं. आपल्या कारखान्यातले सगळे काटे गेली एकतीस वर्षं तेच तपासतात. आपण किलोत बोलतो, काका मिलिव्होल्टमध्ये. वजनकाट्याच्या आतली वीज मोजायचं ते माप. काट्यावर पूर्ण भार आला की वीस मिलिव्होल्ट. म्हणून "काका, जेवण झालं का?" असं विचारलं की उत्तर यायचं, "अठरापर्यंत आलंय, ताक राहिलंय." काकू हसताहेत, म्हणजे घरीही हेच चालत असणार.

आता वरच्या मजल्यावरची टाकी. आठ टनांपर्यंतच रसायन भरायचं असतं तिच्यात. तिच्या चार पायांखाली चार लोडसेल आहेत. पायावर भार पडला की त्यातून बारीकशी वीज निघते, आणि समोरच्या यंत्रावर किलोचा आकडा उमटतो. हे यंत्र तपासायला काकांकडे एक डबी आहे, तिला सिम्युलेटर म्हणतात. टाकीच्या वायरी सोडवायच्या, त्या जागी डबी जोडायची आणि बटण फिरवायचं. डबी टाकीचं सोंग घेते. यंत्राला वाटतं, खरंच भार आला. दोन टनांचं सोंग घेतल्यावर यंत्रानं दोन टन दाखवले, चारला चार, आठला आठ, की यंत्र पास. अर्ध्या तासाचं काम.

निवृत्तीला पंधरवडा राहिला होता. काकांनी शेवटची तपासणी केली. डबीला यंत्रानं चोख उत्तरं दिली. मी म्हटलं, "झालं ना? द्या प्रमाणपत्र."

काका म्हणाले, "साहेब, टाकी रिकामी करून द्या. खरं वजन ठेवून बघायचंय."

"का? डबीनं पास केलंय की!"

"डबीनं यंत्राला पास केलंय. टाकीला कुणी विचारलंय? वायरी सोडल्या की टाकी परीक्षेला बसतच नाही."

अध्यक्षमहोदय, मी काय उत्तर दिलं असेल? टाकी रिकामी करायची म्हणजे अर्धा दिवस उत्पादन बंद. मी म्हटलं, "काका, जाता जाता नसता घोर लावू नका." माझे नेमके शब्द आहेत हे.

काका डबी उचलून निघून गेले. पण टाकी मंगळवारी सकाळी तळाला जाते आणि अकराला टँकर येऊन ती भरते, हे त्यांना माहीत होतं. मंगळवारी साडेआठला ते मला न विचारता कामाला लागले. अडचण एकच. वीस-वीस किलोची वजनं त्या उभ्या जिन्यावरून नेणार कोण? ते पॅकिंग हॉलमध्ये माणसं मागायला गेले. आमच्या मुकादमबाई म्हणाल्या, "काका, वजनांना पाय नाहीत, आम्हाला आहेत. आम्हीच वजनं झालो तर?"

पाचजणी निघाल्या. आधी खालच्या पार्सलच्या काट्यावर प्रत्येकीचं वजन घ्यायचं ठरलं, तिथं निम्मा वेळ गेला. "आकडा मोठ्यानं वाचायचा नाही," ही एकीची अट. दुसरी म्हणे, "चपला काढून धरा." तिसरी म्हणाली, "माझ्यातून हातातला डबा वजा करा, अजून खाल्लेला नाही." काकांनी शपथ घेऊन पाचही आकडे मनात ठेवले आणि फक्त बेरीज लिहिली, दोनशे एक्क्याण्णव. आजही त्यांनी कुणाचा आकडा फोडलेला नाही. मी विचारून बघितलंय.

टाकीभोवती तिलाच जोडलेला जाळीचा सज्जा आहे. पाचजणी पहिल्या पायापाशी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. यंत्र म्हणालं, दोनशे नव्वद. दुसऱ्या पायापाशी पुन्हा दोनशे नव्वद. तिसऱ्यापाशी दोनशे ब्याण्णव. हसतखिदळत चौथ्याकडे गेल्या. एकशे बहात्तर.

मुकादमबाई म्हणाल्या, "काका, इकडं आम्ही बारीक झालो बघा!"

काका हसले नाहीत. पाचजणी उभ्या होत्या आणि वजन तिघींचं भरलं होतं. मग बाकीच्या दोघींचं वजन जात होतं कुठं?

ते पालथे पडले आणि बॅटरी लावून पायाखाली पाहू लागले. सात महिन्यांपूर्वी आपण नवा पाइप बसवला. त्याला आधार म्हणून कुणीतरी लोखंडी पट्टी टाकीच्या पायाला जोडली आणि तिचं दुसरं टोक सरळ जमिनीत घट्ट बसवलं. त्या पायाचा भार लोडसेलवर पुरता पडतच नव्हता, पट्टीतून स्लॅबमध्ये उतरत होता. याचे अर्थ दोन. एक, यंत्रावर आठ टन दिसायचे तेव्हा टाकीत जवळजवळ नऊ टन असायचे, आणि हे सात महिने, आठवड्यातून दोनदा. दुसरा अर्थ काकांच्या डोक्यात जिना उतरतानाच आला. ती पट्टी जिथं टेकली होती, तिथल्या तुळईवर एवढा भार कधी योजलेलाच नव्हता. तिथं खाली होता पॅकिंग हॉल.

हॉलच्या त्या कोपऱ्यात छताला प्लास्टिकचा कागद ताणलेला होता. काकांनी विचारलं, "हे कशासाठी?"

मुकादमबाई म्हणाल्या, "वरून बारीक धूळ पडते खोक्यांवर. दोनदा लिहून दिलं, तेव्हा साहेबांनी प्लास्टिक लावून दिलं."

साहेबांनी. म्हणजे मी.

काकांनी स्टुलावर चढून तो कागद ओढला. ओंजळभर भुगा खाली आला. आणि वर तुळईला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी भेग.

ते ओरडले नाहीत. मुकादमबाई सांगतात, अगदी हळू बोलले, "सगळ्याजणी उठा. आहे ते तिथंच राहू दे. पर्ससुद्धा नको. भिंतीकडेनं बाहेर चला." चौतीसजणी दोन मिनिटांत बाहेर आल्या. मग काका आवारातल्या कट्ट्यावर बसले. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी पाचजणींना वर चढवलं. त्याच तुळईवर चढवलं."

मी पोचलो तो तणतणत. "पॅकिंग कुणी बंद केलं?" काकांनी बोटानं हॉल दाखवला. दारातूनच वर पाहिलं आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. टँकर फाटकाशी येऊन उभा होता.

इथं बसलेले इंजिनियरसाहेब दुपारी आले. मी त्यांना विचारलं, "आज टाकी भरली असती तर?" साहेब, आठवतंय? तुम्ही चष्मा काढला आणि पुसत राहिलात. त्या रात्री मी जेवलो नाही. चौतीस चेहरे एकेक करून आठवायला लागलो, तर सव्वीसवर अडलो. आठजणींचे चेहरे मला आठवेनात. पाच वर्षं मी या कारखान्याचा व्यवस्थापक आहे.

माझी अपेक्षा होती, काका आता ताठ मानेनं शेवटचा अहवाल लिहितील. त्यांनी दोन पानं लिहिली. पहिल्यावर पट्टी, भेग, आकडे. दुसऱ्या पानावर हे, वाचून दाखवतो: "पाइप बदलल्यावर ही टाकी खऱ्या वजनानं तपासायला हवी होती. मी त्या दिवशी फक्त सिम्युलेटर लावला आणि सही केली. ही चूक माझी आहे." त्याखाली: "पॅकिंग विभागानं धुळीबद्दल दोनदा लेखी तक्रार केली होती. त्यावर काय झालं, ते व्यवस्थापक स्वतः लिहितील." आणि खाली चार ओळी मोकळ्या.

अध्यक्षमहोदय, आपल्याला मुख्य कार्यालयात जो अहवाल मिळाला, तो एकाच पानाचा होता. दुसरं पान मी काढून घेतलं.

मनाची समजूतही घातली मी. काकांचीच चूक झाकतोय, जाता जाता त्यांना डाग नको. किती सोयीचं होतं ते! आज सकाळी काका माझ्या खोलीत आले, चहा घेतला, आणि उठताना अगदी साधेपणानं विचारलं, "साहेब, चार ओळी पुरल्या ना?"

त्यांनी गृहीत धरलं होतं की मी लिहिलं असेल. दुसरी शक्यता त्या माणसाच्या मनातच आली नव्हती. तुळईची भेग बघून बसला नव्हता एवढा धक्का मला त्या प्रश्नानं बसला. "पुरल्या," म्हणालो मी. म्हणजे तेही खोटंच.

आज दुपारी दार लावून लिहायला बसलो. पहिली तक्रार मी न वाचता फाइलला लावली. दुसरी वाचली, आणि प्लास्टिक लावायला सांगितलं, वर काय आहे ते बघायला कुणालाही पाठवलं नाही. पाइपच्या दिवशी टाकी रिकामी करून तपासू द्या असं काका तेव्हाही म्हणाले होते, आणि डबीवर भागवा असं मीच सांगितलं होतं. ही गोष्ट त्यांनी अहवालात लिहिलेली नाही. मी लिहिली आहे. ते पान मी आत्ता आपल्या हातात देतो, अध्यक्षमहोदय. त्यावर जो निर्णय व्हायचा तो व्हावा.

पॅकिंगच्या भगिनींनो, आज इथं यायचं नाही असं तुमच्यातल्या काहीजणींनी ठरवलं होतं, तरी आलात, काकांसाठी आलात, हे मी जाणतो. काकू, एकतीस वर्षं तुम्ही हा माणूस आम्हाला उसना दिलात, तुमचे आभार कोणत्या तोंडानं मानू? इंजिनियरसाहेब, आयोजक मंडळी, चहा-फराळ बघणारे सहकारी, सगळ्यांचे आभार.

बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर उदार मनानं पोटात घाला. धुळीच्या तक्रारींबद्दल मात्र तुम्ही पोटात घालावं असं मी म्हणणार नाही. ते त्या चौतीसजणींनी ठरवायचं आहे.

आणि काका, सकाळी मी खोटं बोललो. चार ओळी पुरल्या नाहीत. पानाच्या मागच्या बाजूला गेलोय.