कोरं कार्ड

मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या चित्रकार बाईंचे कान टवकारले. शेजारचे दीर-भावजय हौसेखातर मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ बनवत होते, आणि तोही बाईंच्याच वेबकॉमिकवरून. बाईंचा चेहरा मात्र वाचकांनी कधी पाहिलेला नव्हता.

“वहिनी, दीपगृहातल्या आजीचं कार्ड बघा.”

“भाऊजी, या रेघा कसल्या? चालत्या बसमध्ये बसून काढल्यात की काय?”

“चाळिसाव्या भागापासून तशाच थरथरतात. एकूण एक गिरवलीय मी.”

“मग हिची ताकद कमी करू?”

“छे! तिथून आजी घाबरलीय, तरी रोज दिवा लावते. दुप्पट करा.”

“केली. आणि हे शेवटचं कार्ड कोरंच?”

“वर्षभर नवा भाग आलेला नाही. शेवट ठरवणारे आपण कोण? काढणारी काढेल.”

“आणि नाहीच काढला तर?”

“तर कोरं राहील. पण कॅटमध्ये राहील.”

आतून नंबर पुकारला. बाई उठल्या. इतका वेळ पर्सखाली दाबून धरलेला उजवा हात त्यांनी मोकळा सोडला, आणि त्याच थरथरत्या हातानं दार ढकललं.