स्कॅन केलेले त्रेसष्ट अर्ज न सापडल्याबाबत

दि. ०७/१०/२०२५

मी, अमृत सोपान औटी, वय ३४ वर्षे, धंदा – झेरॉक्स मशीन दुरुस्ती, रा. बोरी बुद्रुक, ता. जुन्नर, जि. पुणे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतल्या कचेऱ्यांमधली मशीन दुरुस्त करतो. शिनोली येथील एका शेतकरी संस्थेतले मशीन मीच बसवले आहे. त्यावर कागद स्कॅन केला की तो वायरने, राउटरमार्फत, तिथली ऑपरेटर प्रांजल हिच्या संगणकात जातो.

काल सकाळी ९.४५ वा. प्रांजलचा फोन आला. "अमृतभाऊ, आज नाय आलात तर माझी नोकरी गेली म्हणून समजा." शुक्रवारी तिने त्रेसष्ट शेतकऱ्यांचे ठिबक सिंचनाचे अर्ज स्कॅन करून कागद ज्याचे त्याला परत दिले होते. शनिवारी पाहते तर फोल्डर रिकामा. मशीन मात्र सगळे कागद पोचल्याचे दाखवत होते. त्यावरून चेअरमन सावळेरामअण्णा यांनी तिने कागद मुद्दाम उडवले असे भर कचेरीत म्हटले व पोलिसांत तशी तक्रार दिली. अर्जांची मुदत कालच संध्याकाळी संपत होती.

मी ११.१० वा. पोचलो. वायर काढून पुन्हा लावली, एक टेस्ट पान पाठवले. मशीन म्हणाले पोचले, प्रांजलकडे काही नाही. अण्णा म्हणाले, "तुमी बी तिच्याच बाजूचं दिसताय राव." मला राग आला होता आणि हातात पेचकस होता, म्हणून मी मशीनकडे वळलो.

मग मशीन कागद ज्या नंबरवर पाठवते तो नंबर कोणत्या संगणकाचा आहे हे शोधले. तो केबिनमधल्या खुद्द अण्णांच्या संगणकाचा निघाला. शिपाई रखमाजी यांना विचारले. ते म्हणाले, "दसऱ्याला समदी यंत्रं बंद करून पुसली, कुंकू लावलं, हार घातलं. चालू करताना आधी चेअरमनसाहेबांचं केलं. मानाचं नको व्हय?" सगळी यंत्रे जोडणारा राउटर बंद होऊन चालू झाला की जो संगणक आधी जागा होईल त्याला पहिला नंबर देतो. तो नंबर एरवी प्रांजलचा, कारण कचेरीत रोज आधी तीच येते.

अण्णांचा संगणक दसऱ्यापासून चालूच होता. त्यावरचा सुकलेला झेंडूचा हार बाजूला करून मी फोल्डर उघडला. त्रेसष्टच्या त्रेसष्ट अर्ज आत होते, खाली माझे टेस्ट पान. काखेत कळसा नि गावाला वळसा. मला फार आनंद झाला, हेही लिहून घ्यावे.

अण्णांनी केबिनचे दार लोटले व हळू आवाजात म्हणाले, "तक्रार माघारी घेतो. मिटला विषय." प्रांजल म्हणाली, "अण्णा, मला चोर म्हणालात तवा कचेरी भरली व्हती. आता दार कशाला लावताय?"

अण्णा उठले. नंतर दार उघडून व्हरांड्यात गेले. तिथे वीस-पंचवीस शेतकरी बसले होते. त्यांच्यासमोर टोपी काढून म्हणाले, "पोरीनं काय केलेलं न्हाई. मी उगा बोललो." प्रांजलने डोळे पुसले आणि लगेच अर्ज ऑनलाइन भरायला बसली. रखमाजींनी न सांगता सगळ्यांना चहा आणला. शेवटचा अर्ज ४.५० वा. गेला.

मी मशीन बसवताना प्रांजलच्या संगणकाचा नंबर कायमचा बांधून द्यायला हवा होता. तो दिला नाही. दोन्ही संगणकांवर एकाच नावाचा फोल्डर व एकच पासवर्डही मीच ठेवला, सोपे पडावे म्हणून. अर्ज न सापडण्याचा प्रकार अमृत औटी याच्या चुकीमुळे घडला. अण्णा व्हरांड्यात बोलले, मी मात्र तेव्हा चहा पीत गप्प राहिलो. रात्रभर ते मनाला लागले, म्हणून आज न बोलावता आलो आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. त्यात आधी 'नेटवर्कमधील बिघाडामुळे' घडला असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'अमृत औटी याच्या चुकीमुळे' असे केले आहे. आता तो बरोबर आहे.

सही/-
अमृत सोपान औटी