बारावं घर

अकराच राहू दे रे सुगत. अकरा काय नि बारा काय, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? बस आधी. चहात आलं घातलंय, चालतं ना तुला? — आणि भाषणाच्या पहिल्याच ओळीला असा अडू नकोस, मला सकाळपासून धडधडतंय. एक वाजता कँटीनमध्ये चारशे माणसं, त्यांच्यासमोर जर्मनमधून बोलायचं. बेट्रीब्सराटच्या, कामगार मंडळाच्या, निवडणुकीत आपल्या कारखान्यात आजवर एक तरी भारतीय बाई उभी राहिलीय का? नाही राहिली. कामगारांच्या वतीने मॅनेजमेंटशी भांडणारे सगळे म्युलर नि श्मिट, आणि पेंट शॉपमध्ये उभे सगळे आपल्यासारखे. म्हणून म्हटलं, मीनल, तू उभी राहा. ते जाऊ दे, सह्या आणल्यास? बघू फाइल. — पन्नास! लागतात तेवढ्या! अरे वा! पेंट शॉपमधल्या कोफीने एकट्याने तीस गोळा केल्या? करणारच. काळा म्हणून फोरमनने सगळ्यांदेखत माकडाचे आवाज काढले त्याच्यावर, आणि कोणाच्या तोंडातून शब्द फुटला नाही. माझ्या फुटला. एच.आर.च्या टेबलावर हात आपटून आले मी. आणि ही सगळ्यात वरची सही कोणाची? तुझीच! बघ, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आज चार वाजेपर्यंत ही फाइल निवडणूक समितीकडे गेली की झालं, मग कोण अडवतंय.

आता ऐक, वाचून दाखवते. 'माझा सहकारी सुगत मेश्राम, टेस्टिंगमधला इंजिनिअर. अकरा घरमालकांनी त्याला घर नाकारलं. फोनवर नाव सांगितलं की घर गेलेलं असतं.' इथे मी थांबणार, तुझ्याकडे बघणार, तू नुसतं उभं राहायचंस. बोलायचं काही नाही. — परत तेच! बारा, बारा. हो, मोजले असशील तू. यादी आहे? फोनमध्ये? तारखांसकट? धन्य आहेस बाबा, घरमालकांचासुद्धा टेस्ट रिपोर्ट करतोस! दाखव. हं. हं. हे गायमर्सहाइमचं, हे स्टेशनमागचं, त्या म्हाताऱ्याने करीचा वास येईल म्हणून सांगितलं होतं ते हे. आणि हे मधलं, तुझं बारावं —

हो. ही बिल्डिंग. खालचा फ्लॅट, आधीचे भाडेकरू वेदांग नि स्पृहा म्युनिकला गेले तेव्हा रिकामा झालेला. मला माहितीय रे, विसरले नाहीये मी. पण ते धरायचं नाही त्यात. का म्हणजे? घरमालकीण त्सेलरबाई रेसिस्ट नाहीत म्हणून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, माझी दुसरी किल्ली तिच्याकडे असते, माझी लेक अन्वी तिला ओमा, आजी म्हणते, माझ्या आजारपणात सूप घेऊन वर आली होती. तिला चारशे लोकांसमोर उभं करायचं का? तिचा काय दोष? तिने बिचारीने फक्त विचारलं, आणि —

काय विचारलं म्हणजे? काही नाही. विचारतातच की इथे. घर द्यायचं तर ओळखीच्या माणसाला विचारतात, माणूस कसा आहे. मी नऊ वर्षं राहतेय, मलाच विचारणार. सांगितलं असेलच की त्यांनी तुला. असा बघू नकोस माझ्याकडे, सांगितलं असणार, म्हणून तर तू सकाळी सकाळी ही यादी घेऊन आलास. आल्झो, तर आता ऐकच. त्या वर आल्या, तुझा अर्ज हातात, म्हणाल्या, हा मिस्टर मेश्राम तुमच्यातलाच ना? तुमच्यासारखाच? आता काय सांगायचं रे जर्मनमधून? मी म्हटलं, नाही हो, आमच्यातला नाही, वेगळा आहे. एवढंच. वाईट आहे असं म्हटलं नाही मी, तुझी शपथ. त्या म्हणाल्या, वेगळा म्हणजे कसा? आणि मी — खांदे उडवले. बस. खांदे उडवले फक्त. पुढे त्यांनी काय समजायचं ते समजल्या.

जात-बीत मी मानत नाही हं. माझ्या घरी तू जेवला आहेस, किती वेळा जेवला आहेस! आडनावावरून मी ओळखायलाही जात नाही, ते तुझ्या स्टेटसवर चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो असतो म्हणून कळलं, आणि कळलं तर कळलं, मला काय त्याचं? पण जेवायला येणं वेगळं नि कायमचं राहायला येणं वेगळं. सासूबाई येतात ना इथे तीन-तीन महिने. त्यांचं देवाचं असतं, गणपतीत घर भरलेलं असतं, तुझी हर्षा खालून वर येणार, ओट्याशी उभी राहणार, मग कोणीतरी काहीतरी बोलणार, आणि ते तुम्हालाच लागणार. तुमचाच विचार केला मी. — सासूबाई काय म्हणाल्या म्हणजे? त्या काय म्हणतील? त्यांना विचारलं कुठे होतं मी?

चहा घे. साय आली बघ त्याच्यावर. हर्षा कशी आहे? बाळ आता सात महिन्यांचं ना? अजून पाहिलं नाहीस — म्हणजे व्हिडिओवर बघतोस, हो, पण हातात नाही घेतलंस. आता मला सांग, ती बाळंतपणाला नागपूरला गेली ती काय माझ्यामुळे? मुली जातातच माहेरी. हां, मान्य, परत आली असती, तुझ्या त्या एवढ्याशा खोलीत बाळाला घेऊन कुठे राहणार म्हणून थांबलीय, मान्य. पण त्यानंतर तुझ्यासाठी फोन कोणी केले? मीच ना? आठव की जरा. या अकरांतली चार घरं मी शोधून दिली तुला! रात्र रात्र झोप नव्हती मला, सुगत. खालून जाताना त्या रिकाम्या फ्लॅटच्या खिडक्या दिसायच्या. नंतर ते हंगेरियन जोडपं आलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

बोल ना काहीतरी. शिव्या दे. त्सेलरबाई नेमकं काय म्हणाल्या तुला? — काहीच नाही? मग तुला कोणी सांगितलं? — कोणीच नाही? म्हणजे तू — तुला माहीतच नव्हतं? तू नुसता आकडा चुकलाय म्हणून सांगत होतास?

अरे देवा.

कुठे निघालास? थांब. पेन कशाला हवंय? फाइलला हात लावू नकोस, सुगत, ती एक सही खोडलीस तर एकोणपन्नास होतील, चार वाजेपर्यंत नवी सही मी कुठून — नाही? मग काय खोडतोयस? माझं भाषण आहे ते! बघू. — बारा. आणि खाली काय लिहिलंस? हा माझाच पत्ता. हा वाचायचा मी? चारशे माणसांसमोर? कोफीसमोर?

आणि फाइल ठेवून चाललास. नेत का नाहीस? फाडून का टाकत नाहीस? कोफीच्या सह्या आहेत म्हणून? म्हणजे चांगला तू, आणि मी कोण? नाही वाचणार. ऐकतोयस? दुसरं प्रिंट काढीन, अकराच म्हणेन, तुझ्याकडे बघणारही नाही. तू येऊच नकोस कँटीनमध्ये. जा.

आणि जिन्यात त्सेलरबाई भेटल्या तर नुसतं ग्र्युस गॉट म्हण नि पुढे हो. त्यांना काही विचारू नकोस. दार ओढून घे.